मोहोर आणि पानगळ

मार्गशीर्ष संपून पौष लागला, की रत्नागिरी-देवगडकडच्या आंबा बागायतदाराची नजर दिवसातून दहा वेळा झाडाच्या शेंड्याकडे जाते. शेंड्याला तांबूस पालवी फुटलेली दिसली तर त्याचा चेहरा उतरतो. मोहोर दिसला तर घरात लांबणीवर पडलेल्या कार्याची बोलणी पुन्हा सुरू होतात. हापूस हे झाडच मोठे लहरी. एक वर्ष ओंजळ भरून देईल, तर दुसऱ्या वर्षी हात आखडता घेईल. या लहरीवर उतारा म्हणून अलीकडच्या काही दशकांत कोकणात कल्टारचा, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल या रसायनाचा, वापर रुळला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची मात्रा ठरवून दिली. जुलै-ऑगस्टच्या सुमारास ते बुंध्याभोवतीच्या जमिनीत दिले, की झाडातील वाढीच्या संप्रेरकाला लगाम बसतो, पालवीचा हट्ट कमी होतो आणि झाड मोहोराकडे वळते.

फुलाला असे हुकमी बोलावून घेण्याची हौस काही कोकणापुरती नाही. फिलिपिन्समधले शेतकरी आंब्याच्या झाडाखाली दिवसचे दिवस धूर करीत आणि धुरातल्या वायूने झाडाला मोहोर येई. पुढे सत्तरच्या दशकात रॅमोन बार्बा या तिथल्या संशोधकाने पोटॅशियम नायट्रेटच्या साध्या फवारणीने तेच काम करून दाखविले आणि शेतकऱ्यांकडून त्याचे स्वामित्वशुल्क मागितले नाही. अननसाच्या मळ्यातली सगळी झाडे एकदम फुलावीत म्हणून त्यांच्या पोग्यात औषध ओततात. आणि विदर्भातला संत्रा बागायतदार बागेला ताण देऊन बहार धरतो आणि पुढे लहान फळे गळू लागली, की शंभर लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम टू-फोर-डी नावाचे रसायन मिसळून फवारतो. तेवढ्याने देठ पक्के राहतात आणि फळे झाडावर टिकतात.

हे टू-फोर-डी नाव वाचकांनी क्षणभर लक्षात ठेवावे. कारण संत्र्याचे फळ झाडाला धरून ठेवणारे हेच रसायन एका दूरच्या देशात, वेगळ्या मात्रेत, विमानातून ओतले गेले तेव्हा तिथली अरण्येच्या अरण्ये उघडी पडली. आणि एक रोप लवकर फुलावे म्हणून प्रयोगशाळेत रात्री जागविणाऱ्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला, आपल्या हातून काय घडले, या प्रश्नाने पुढे आयुष्यभर सोडले नाही. त्या शास्त्रज्ञाचे नाव आर्थर गॅल्स्टन.

सॅक्सोफोन वाजविणारा विद्यार्थी

गॅल्स्टन यांचा जन्म २१ एप्रिल १९२० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका साध्या ज्यू कुटुंबात झाला. ते नऊ वर्षांचे असताना अमेरिकेत महामंदी आली. घरात पैशाची चणचण होती आणि पोराने शिकावे ही इच्छाही होती. आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांना ही गोष्ट सांगायला नको. कॉर्नेल विद्यापीठातील शेतीच्या महाविद्यालयात न्यूयॉर्क राज्यातल्या मुलांना शिकवणी शुल्क पडत नसे. गुरांचा डॉक्टर व्हावे अशा विचाराने हा शहरी मुलगा तिथे दाखल झाला. राहण्या-जेवणाचा खर्च भागविण्यासाठी तो नृत्याच्या वाद्यवृंदांत सॅक्सोफोन वाजवी.

तिथे त्याला वनस्पतिशास्त्राचे एक उत्तम शिक्षक भेटले आणि गुरांचा दवाखाना मागे राहिला. ज्याने कधी नांगर धरला नव्हता अशा त्या मुलाला पान, देठ आणि कळी यांच्या आत चालणाऱ्या कारभाराने वेड लावले. १९४० साली पदवी घेऊन तो इलिनॉय विद्यापीठात संशोधनासाठी गेला.

इलिनॉय हा सपाट, काळ्या मातीचा मुलूख. तिथे सोयाबीनची लागवड जोरात वाढत होती. पण या पिकाची एक अडचण होती. दिवस लहान होऊ लागले, रात्र पुरेशी लांबली, म्हणजेच ते फुलावर येते. फुले उशिरा आली तर शेंगा भरायच्या आत कडाक्याची थंडी गाठते आणि पीक हातचे जाते. फुले थोडी लवकर आणि अधिक आणता आली तर? तरुण गॅल्स्टन यांनी हाच प्रश्न हाती घेतला.

अनेक रसायने तपासल्यावर त्यांना ट्राय-आयोडो-बेंझॉइक आम्ल सापडले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला टीबा म्हणतात. त्याचा अगदी पातळ द्राव सोयाबीनवर फवारला, की रोपाला अधिक फुले येत. त्यात एक मेख होती, तीही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविली. ज्या रोपाला लांब रात्रींचा इशारा मिळालेलाच नाही, त्याला हे रसायन फुलावर आणू शकत नाही. निसर्गाने फुलायचे ठरविले असेल तर औषध त्या निर्णयाला जोर देते, एवढेच. आमच्या बागायतदारांनाही हे अनुभवाने ठाऊक आहे. लहान किंवा अशक्त कलमाला कितीही औषध द्या, ते मोहोर धरीत नाही आणि धरलाच तर तो त्याला पेलवत नाही.

दुसरी नोंद अधिक महत्त्वाची ठरायची होती. टीबाची मात्रा वाढविली, तर फुलांचे नावच निघत नसे. उलट रोपाची पाने गळून पडत. पानाचा देठ जिथे खोडाला टेकतो, तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. तो सुटा झाला की पान गळते. शिशिरात झाड हे काम आपल्या वेळेने करते. टीबाचा मोठा डोस तेच काम अवेळी करून टाकी. ज्या रसायनाने फूल येते त्याच रसायनाने पान जाते, फरक केवळ मात्रेचा. प्रबंधात या निरीक्षणाला गॅल्स्टन यांनी जागा दिली आणि १९४३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते डॉक्टरेट मिळवून मोकळे झाले.

ग्रंथालयातला प्रबंध

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. मलायातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेल्याने अमेरिकेला रबर मिळेनासे झाले होते. ग्वायूल नावाच्या वाळवंटी झुडुपातून रबर काढण्याच्या कामावर गॅल्स्टन कॅलिफोर्नियाला गेले. नंतर नौदलात भरती होऊन त्यांनी ओकिनावा बेटावर शेती आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांचा अधिकारी म्हणून काम पाहिले. लढाईने उद्ध्वस्त झालेल्या त्या बेटावरच्या शेतकऱ्यांना पुन्हा उभे करण्याचे ते काम होते. सोयाबीनचा प्रबंध इलिनॉयच्या ग्रंथालयात पडून होता. निदान त्यांची समजूत तशी होती.

युद्धानंतर त्यांना कळले, की तो प्रबंध काही लोकांनी फार बारकाईने वाचला आहे. मेरीलँड राज्यातील डेट्रिक येथे अमेरिकी लष्कराचे जैविक युद्धाचे संशोधन केंद्र होते. शत्रूचे सैनिक ज्या झाडीत लपतात ती झाडी निष्पर्ण कशी करावी आणि त्याच्या शेतातले पीक कसे नष्ट करावे, याचा शोध तिथले शास्त्रज्ञ घेत होते. फुलांच्या शोधात निघालेल्या एका विद्यार्थ्याने वाटेत नोंदविलेली पानगळ त्यांच्या नजरेत भरली होती. त्यावेळी गॅल्स्टन यांना त्याचे गांभीर्य फारसे जाणवले नाही. युद्ध संपले होते. अशी योजना कधी प्रत्यक्षात येईल, असे कोणाला वाटणार?

ते आपल्या कामाला लागले. १९४७ साली सोयाबीनवरचे संशोधन रीतसर प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियात त्यांनी प्रकाश आणि वनस्पती यांच्या नात्यावर मूलभूत काम केले. जेम्स बॉनर यांच्यासह लिहिलेले त्यांचे वनस्पतिशरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक १९५२ साली आले. १९५५ साली ते येल विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि मग आयुष्यभर तिथलेच राहिले. अमेरिकेतील वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. टीबा फळबागांत पोचले. सफरचंदाच्या तरुण झाडांना लवकर कळ्या धराव्यात म्हणून त्याचे प्रयोग झाले. एखाद्या प्राध्यापकाने समाधानाने निवृत्तीची वाट पाहावी, असेच सारे चालले होते.

केशरी पट्ट्याची पिंपे

१९६२ साली अमेरिकी विमानांनी दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर फवारणी सुरू केली. गनिमांचा आसरा नाहीसा करायचा आणि त्यांच्या वाट्याचे भातपीकही मारायचे, हा हेतू. १९७१ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत सात कोटी लिटरांहून अधिक तृणनाशके ओतली गेली. त्यातले निम्म्याहून अधिक एकच मिश्रण होते. त्याच्या पिंपांवर ओळखीसाठी केशरी पट्टा ओढलेला असे, म्हणून त्याला एजंट ऑरेंज नाव पडले. नारिंगाच्या नावाचे ते विष. त्यात निम्मे टू-फोर-डी, म्हणजे आपल्या संत्र्याची गळ थांबविणारे रसायन, आणि निम्मे त्याचे भावंड टू-फोर-फाइव्ह-टी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गॅल्स्टन यांनी एजंट ऑरेंज शोधून काढले, असे अनेकदा लिहिले गेले आहे. ते बरोबर नाही. त्या मिश्रणात टीबा नव्हते. पण वनस्पतीच्या स्वतःच्या संप्रेरकांच्या कारभारात ढवळाढवळ करणारे रसायन अल्प मात्रेत शेतकऱ्याला उपयोगी पडते आणि मोठ्या मात्रेत झाडाला उघडे पाडते, ही जी वाट होती, तिच्यावर त्यांच्या प्रबंधाचा दगड होता हे खरे. टू-फोर-डी हे वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. थेंबभर मिळाले तर झाडाला आधार वाटतो. पुराच्या पाण्यासारखे आले तर झाड वेडेवाकडे वाढत सुटते, त्याच्या आतल्या वाहिन्या कोलमडतात आणि ते मरते.

कायद्याच्या आणि लोकांच्या नजरेत गॅल्स्टन निर्दोष होते. त्यांना कोणी जाब विचारला नव्हता. तो त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला. आपण शोध लावला, तो छापून आला, आता लोक त्याचे काय करतील ते करोत, असे म्हणून शास्त्रज्ञाला हात झटकता येतात का? त्यांचे मन म्हणाले, येत नाहीत. ज्याला हे रसायन आतून कळते, त्यानेच त्याचे परिणाम लोकांना सांगायला हवेत.

१९६५ च्या सुमारास त्यांनी आपल्याच संस्थेपुढे निषेधाचा ठराव आणण्याचा प्रयत्न केला. संस्थेच्या कारभाऱ्यांनी तो स्वीकारला नाही. युद्धकाळात सरकारच्या विरोधात बोलणे म्हणजे देशाशी द्रोह, असे मानणारे तिथेही होते, आणि विज्ञानाने राजकारणात पडू नये असे म्हणणारे तर नेहमीच असतात. तेव्हा काही सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन त्यांनी १९६६ साली थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना पत्र धाडले. ही रसायने निरुपद्रवी आहेत, अमेरिकेतल्या शेतांतही ती वापरली जातात, असा सरकारी पवित्रा होता. त्यातला दुसरा भाग खरा होता. फसवणूक होती ती मात्रेच्या हिशेबात.

तिवरांची राख

गॅल्स्टन यांचा एक मुद्दा आपल्या कोकणी वाचकांना चटकन पटावा. व्हिएतनामच्या खाड्यांतून आणि नद्यांच्या मुखांशी खारफुटीची दाट राने होती. तिवरांसारखी ही झाडे या फवाऱ्यापुढे सर्वांत दुबळी ठरली. इतर जंगल एका फवारणीत पाने टाकी आणि पुन्हा पालवे. खारफुटी एकाच फवारणीत मरे. खाडीकाठी राहणाऱ्याला सांगावे लागत नाही, की तिवरे गेली म्हणजे केवळ झाडे गेली नाहीत. तिथल्या चिखलात कोळंबी वाढते, खेकडे राहतात, मासळी अंडी घालते आणि भरतीची धार तिथेच अडते. झाड मारले, की माणसाचे ताटही रिकामे होते, हे गॅल्स्टन व्याख्यानांतून आणि लेखांतून सांगत राहिले. जिथे मोठी झाडे मेली तिथे बांबूने जागा बळकावली, की अरण्य परत यायला पिढ्या लागतील, हेही त्यांनी बजावले.

मग आणखी भयंकर गोष्ट उजेडात आली. प्रयोगशाळेतल्या उंदरांना टू-फोर-फाइव्ह-टी दिल्यावर त्यांची पिल्ले जन्मतःच व्यंग घेऊन येत असल्याचे एका सरकारी अभ्यासात दिसले होते. १९६९ साली ते बाहेर आले. दोष मुख्यतः त्या रसायनाच्या निर्मितीत नकळत तयार होणाऱ्या डायॉक्सिन या जहराचा होता. ते अत्यल्प प्रमाणात असले तरी माती, मासे आणि माणसाची चरबी यांत वर्षानुवर्षे टिकून राहते. गॅल्स्टन आणि हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन यांनी हा पुरावा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे विज्ञान सल्लागार ली डुब्रिज यांच्यापुढे मांडला. डुब्रिज हे पूर्वी कॅलिफोर्नियातल्या त्याच संस्थेचे प्रमुख होते जिथे गॅल्स्टन यांनी तरुणपणी काम केले. जुनी ओळख कामी आली. एप्रिल १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर थांबविण्यात आला आणि १९७१ साली विमानांची फवारणी मोहीमच बंद पडली.

त्याच १९७० सालच्या आरंभी वॉशिंग्टनमधल्या एका परिषदेत गॅल्स्टन यांनी एक नवा शब्द वापरला. माणसांच्या समूहाचा संहार हा गुन्हा मानला जातो, त्याचप्रमाणे एखाद्या प्रदेशाची सारी सृष्टी जाणूनबुजून नष्ट करणे हाही आंतरराष्ट्रीय गुन्हा मानला जावा, अशी त्यांची मागणी होती. त्या गुन्ह्याला त्यांनी इकोसाइड म्हटले. आपण त्याला सृष्टिसंहार म्हणू. तो शब्द पुढे जगभर गेला आणि त्याला कायद्यात स्थान मिळावे म्हणून आजही प्रयत्न चालू आहेत. १९७५ साली अमेरिकेने जिनिव्हा कराराला मान्यता दिली आणि युद्धात तृणनाशकांचा पहिला वापर करण्याचा अधिकार आपण होऊन सोडला.

शत्रूच्या देशात पाहुणा

गॅल्स्टन यांना आपल्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज चैन पडणार नव्हते. १९७१ साली ते सहकारी ईथन सायनर यांच्यासह हनोईला गेले. तिथूनच त्यांना चीनचा परवाना मिळाला. माओंच्या क्रांतीनंतर चीनमध्ये पाऊल टाकणारे हे पहिले अमेरिकी शास्त्रज्ञ. पंतप्रधान चौ एन-लाय यांचीही भेट झाली. पुढच्या वर्षी तर गॅल्स्टन सहकुटुंब चीनला गेले आणि बीजिंगजवळच्या एका कम्यूनमध्ये शेतकऱ्यांच्या बरोबर राहून शेतात राबले. त्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिले.

येलमध्ये परतल्यावर त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध एका नव्या विषयाला दिला. विज्ञानातले काय करता येते, हे शिकविणारे खूप आहेत. काय करावे आणि काय करू नये, हे शिकविणारे थोडे. जीवविज्ञानातील नीतिशास्त्राचे वर्ग त्यांनी सुरू केले. १९९० साली औपचारिक निवृत्ती आली तरी वर्ग चालूच राहिले आणि ऐंशी उलटलेल्या या गृहस्थाला ऐकायला शेकडो विद्यार्थी गर्दी करीत. कोणताही शोध स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो, आणि तो कोणत्या हातात जाईल हे शोधणाऱ्याला आधी कळत नाही. पण कळल्यावर गप्प बसणे मात्र त्याच्या हातात असते, या अर्थाचे सांगणे ते त्यांच्यापुढे मांडीत. १५ जून २००८ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चातही हिशेब मिटलेला नाही. ज्या तळांवर केशरी पट्ट्याची पिंपे साठविली आणि विमानांत भरली, तिथली माती दशकानुदशके विषारी राहिली. दा नांगच्या विमानतळावरील मातीची सफाई पूर्ण व्हायला २०१८ साल उजाडले. विमानात बसून फवारणाऱ्या अमेरिकी सैनिकांनाही आजारांनी गाठले आणि रसायन कंपन्यांनी १९८४ साली न्यायालयाबाहेर तडजोड करून त्यांच्यासाठी १८ कोटी डॉलर काढले. व्हिएतनाममधल्या कुटुंबांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

औषध म्हणायचे तर

आपल्याकडे शेतकरी फवारायच्या प्रत्येक वस्तूला औषध म्हणतो. कीड मारायची असो, तण जाळायचे असो की मोहोर आणायचा असो, दुकानात जाऊन तो औषधच मागतो. शब्द मोठा विश्वासाचा आहे. पण औषध म्हटले की मात्रा आली, पथ्य आले आणि रोग्याची प्रकृती पाहणे आले.

कल्टारचीच गोष्ट घ्या. विद्यापीठाची शिफारस आहे ती पूर्ण वाढलेल्या, निरोगी झाडासाठी, आणि मात्रा ठरते ती झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून. त्याबरोबर खताचा हातही वाढवावा लागतो, कारण दरवर्षी फळ देणाऱ्या झाडाची दरवर्षी झीजही होते. पण शेजाऱ्याचा आंबा आपल्याआधी वाशीच्या बाजारात पोचला, की मापाचा पेला बाजूला पडतो. दुप्पट दिले तर दुप्पट येईल, असा हिशेब मनात येतो. तसे होत नाही. जास्त मात्रेने मोहोराचे तुरे आखडून घट्ट गुच्छ होतात, फांदी खुरटते आणि ते रसायन जमिनीत दीर्घकाळ ठाण मांडून बसते. आजोबांनी लावलेले झाड नातवाच्या हाती द्यायचे असेल, तर ही गोष्ट विसरून चालत नाही.

व्हिएतनामचे अरण्य आणि कोकणातली कलमांची बाग यांची तुलना करणे योग्य नाही. एका ठिकाणी मारण्याचा हेतू होता, दुसऱ्या ठिकाणी संसार चालविण्याचा. पण झाडाला हेतू कळत नाही, त्याला फक्त मात्रा कळते. सोयाबीनच्या रोपांपुढे बसून तेविशीतल्या गॅल्स्टन यांनी हेच वहीत टिपून ठेवले होते. पुढची पासष्ट वर्षे ते त्या नोंदीला जबाबदार राहिले.

येत्या पावसाळ्यात कोणी बागायतदार झाडाखाली उभा राहून टेपने विस्तार मोजील, पेला डोळ्यांसमोर धरून औषध घालील आणि उरलेले पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवील. गॅल्स्टन यांचे नाव त्याने ऐकलेले नसेल. नसले तरी चालेल.